एकाच किल्लीची गाडी

कुलूपवाल्यांनी आजवर हजारभर गाड्या तरी उघडल्या असतील, पण चालवली एकही नव्हती. लोक किल्ली आत विसरायचे, दार लावून मोकळे व्हायचे आणि मग कपाळाला हात लावून यांना फोन करायचे. हे पिशवी घेऊन जायचे, दाराला कान लावायचे, दोन-चार मिनिटांत गाडी उघडून द्यायचे आणि बसने परत यायचे. "अहो, एवढ्या उघडता, तर एकदा आत बसून चालवायलाही शिका की," असं त्यांची बायको लग्न झाल्यापासून सांगत आली होती, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. दार उघडलं की आपलं काम संपलं, असं त्यांचं साधंसरळ मत होतं.

अशा माणसावर लेकीसाठी जुनी गाडी पसंत करायची वेळ आली, म्हणजे बघा.

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव अठराव्या वर्षीही चिकटून होतं. तिला वनशास्त्राच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कॉलेज होतं पार डोंगरात. प्रवेशाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की शेवटचे चौदा किलोमीटर रस्ता कच्चा आहे, एकच ओढा दोनदा ओलांडावा लागतो आणि विद्यार्थ्यांकडे स्वतःचं वाहन, शक्यतो चारही चाकांना जोर मिळणारं, असल्यास बरं. कुलूपवाल्यांनी ते 'शक्यतो' आणि 'असल्यास बरं' चार-चार वेळा वाचून पाहिलं. भिंगरीने फक्त 'चारही चाकांना' एवढंच वाचलं. गाडी चालवायला ती मामाच्या गॅरेजात केव्हाच शिकली होती, दोन वर्षं शिकवण्या करून तिने पैसेही साठवले होते आणि उरलेली भर आईने घातली. त्यामुळे नाही म्हणायला कुलूपवाल्यांच्या हाती काही उरलं नाही.

पण मुख्य अडचण गाडीची नव्हती. ती समजायला या घराची तऱ्हा माहीत हवी.

कुलूपवाल्याच्या घरात कुलूप टिकत नाही. भिंगरी पाच वर्षांची असताना रुसून न्हाणीघरात कडी लावून बसली, तर बापाने नऊ सेकंदांत दार उघडलं, आणि वर ते नऊ सेकंद पुढची कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगितले. आठव्या वर्षी तिने खेळण्यांच्या पेटीला कुलूप लावलं. 'किती पोचट कुलूप आहे, कुणीही उघडेल,' असं म्हणत बापाने ते उघडून दाखवलं. बाराव्या वर्षी तर कहरच झाला. तिच्याकडे इवल्याशा कुलपाची एक डायरी होती. एक दिवस शाळेतून आली तर कुलूप उघडं. तिने घर डोक्यावर घेतलं. कुलूपवाले शपथेवर सांगत राहिले, "अगं, मी एक अक्षर वाचलं नाही! कुलूप गंजायला लागलं होतं म्हणून तेल घातलं फक्त." आणि गंमत म्हणजे ते अगदी खरं होतं. त्या माणसाला डायरीत काय आहे याची काडीचीही उत्सुकता नव्हती, त्याला कुलपाची काळजी होती. भिंगरी मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि डायरी लिहिणं तिने सोडलं ते सोडलंच.

म्हणून गाडी घ्यायचं ठरलं त्याच संध्याकाळी तिने जेवताना जाहीर केलं, "बाबा, माझी एक अट आहे. गाडीची किल्ली एकच असेल आणि ती माझ्याकडे असेल. दुसरी तू करायची नाहीस. जगात एक तरी दार असं पाहिजे, जे फक्त मला उघडता येतं."

"मग किल्ली हरवली तर?" कुलूपवाले म्हणाले.

"माझं मी बघेन."

"डोंगरात? एकटी?"

"बाबा."

आईने वाटी सरकवत नवऱ्याकडे पाहिलं. ती दवाखान्यात परिचारिका होती. घाबरलेल्या माणसाला कसं गप्प करायचं ते तिला पाठ होतं. "हो म्हणा," ती म्हणाली. कुलूपवाले हो म्हणाले.

आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं. पण कुलूपवाल्यांचा 'हो' हलका नव्हता. त्यांच्या दुकानात पाटी होती : 'मालक समोर असल्याशिवाय किल्ली बनवून मिळणार नाही.' आणि ती नुसती टांगायची पाटी नव्हती. दुकानात एक जाडजूड रजिस्टर होतं. तारीख, कशाची किल्ली, मालकाची सही आणि शेवटचा रकाना, 'मालक समोर होता का?' मोठमोठ्या माणसांनी बायकोच्या कपाटाच्या, भावाच्या दुकानाच्या, भागीदाराच्या तिजोरीच्या किल्ल्या मागितल्या आणि हात हलवत परत गेली. एवढंच कशाला, ते राहत होते ते घर भाड्याचं, आणि घरमालक परगावी. तो समोर आल्याशिवाय यांनी स्वतःच्या राहत्या घराची दुसरी किल्ली केली नाही. सहा महिने बायको कामावरून येऊन पायरीवर बसून यांची वाट बघायची. त्या सहा महिन्यांत ती त्यांना जे जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर गाड्या बघणं सुरू झालं. बरोबर मामा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो गॅरेजवाला, तेव्हा त्याने इंजिन बघायचं, भिंगरीने चालवून बघायचं आणि कुलूपवाल्यांनी मधे यायचं नाही, असं ठरलं होतं. ते अर्थातच पहिल्या गाडीशीच मोडलं.

पहिली गाडी चकचकीत होती. मामा बॉनेट उघडतोय तोवर कुलूपवाल्यांनी खिशातून भिंग काढून चारही दारांची कुलपं बघितली. "चालकाच्या दाराचं भोक झिजून गुळगुळीत झालंय, बाकीची तीन कोरी," ते म्हणाले. "हा माणूस एकटा आहे. वर्षानुवर्षं याच्या शेजारी कुणी बसलेलं नाही."

विकणारा गृहस्थ तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पडला. "बायको सोडून गेली," तो हळूच म्हणाला. मग अर्धा तास कुलूपवाले त्याची समजूत घालत बसले आणि गाडी बाजूलाच राहिली.

दुसऱ्या गाडीच्या दाराला काचेच्या कडेने बारीक ओरखडे होते. "तारेने उघडलीय, एकदा नाही, सात-आठदा," कुलूपवाल्यांनी निकाल दिला. "मालक वेंधळा आहे. किल्ली विसरणारा माणूस तेल बदलायला विसरणार नाही कशावरून?" मामाने दांडी ओढून तेल पाहिलं. ते डांबरासारखं निघालं. मग त्याने भावोजींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

तिसरी गाडी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई निवृत्त झाल्या होत्या. गाडी चौकोनी, हिरवी, जागोजागी पोचे पडलेली, पण खेडोपाडी चिखल तुडवून तावून सुलाखून निघालेली. आतून औषधांचा वास यायचा. भिंगरी तिच्यात बसली आणि हसायलाच लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किल्ली एकच आहे हं. दुसरी एका गाईने गिळली. मी तीन दिवस वाट पाहिली, मग नाद सोडला."

एकच किल्ली म्हटल्यावर भिंगरीने बापाकडे पाहिलं. पण बापाचं लक्ष कुठे होतं! ते दाराशी गुडघे टेकून बसले होते. मागे एकदा गाडीतली औषधं चोरीला गेली, तेव्हा बाईंनी कुठल्याशा कारागिराकडून खास कुलपं बसवून घेतली होती, दारांच्या आतून पत्रेही ठोकून घेतले होते. कुलूपवाल्यांनी पिशवी उघडली, बाईंची परवानगी घेतली आणि हत्यारं चालवायला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस मिनिटांनी ते घामाघूम होऊन उठले, त्यांचा चेहरा मात्र उजळलेला होता.

"नाही उघडत," ते म्हणाले. "मला! मला नाही उघडत! घ्यायची तर हीच."

"भावोजी, इंजिन अजून बघितलं नाही," मामा ओरडला.

"ते तू बघ रे. चोराचा बाप आला तरी ही उघडायची नाही."

मामाने इंजिन पाहिलं, चारही चाकांचा जोर लावायचा दुसरा दांडा पाहिला. दांडा जरा घट्ट होता, पण गाडी ओला चढ मांजरासारखी चढून गेली. सौदा ठरला. घरी येताना भिंगरी चालवत होती, मामा शेजारी आणि कुलूपवाले मागे, दाराच्या कुलपावर हात ठेवून बसलेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्या माणसाने गाडी स्वतःला उघडत नाही म्हणून पसंत केली, त्याच्या डोक्यात त्याचा अर्थ अजून शिरला नव्हता.

तो शिरला तिसऱ्या दिवशी, आणि शिरला तो असा की झोप उडाली. लेक डोंगरात. किल्ली ओढ्यात पडली. गाडी बंद. आणि जगात एकच माणूस असा, की ज्याने धावत जाऊन दार उघडायचं, त्याच्याच्याने ते उघडत नाही. कुलूपवाल्यांनी आजवर गावच्या गाव उघडून दिलं होतं. स्वतःच्या पोरीच्या वेळेला हात टेकायचे?

गुरुवारी दुपारी भिंगरी मैत्रिणींचा निरोप घ्यायला पायी गेली. किल्ली खुंटीला होती. कुलूपवाले जेवून उठले, खुंटीपाशी घुटमळले, पाणी प्यायले, पुन्हा घुटमळले आणि किल्ली खिशात टाकून दुकानात आले. तसल्या किल्लीचं कोरं पातं मिळायला त्यांनी आधीच दोन दिवस पेठ पालथी घातली होती, म्हणजे मनातून ठरलेलंच होतं. त्यांनी दाराकडे पाठ करून मशीन लावलं. मशीनचा आवाज असा की शेजारी तोफ उडाली तरी कळू नये. दहा मिनिटांत किल्ली तयार झाली. इतकी सुबक किल्ली त्यांनी वर्षभरात केली नव्हती, आणि इतकी वाईटही त्यांना कधी वाटली नव्हती.

चोरी करायची तर निदान धड करावी. पण या माणसाला तेही जमेना. रजिस्टरात नोंद न करता किल्ली दुकानाबाहेर गेली असं एकवीस वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी बरंच थांबून शेवटी लिहिलं : तारीख. 'चारचाकी, हिरवी, एक किल्ली.' मालकाची सही, कोरी. 'मालक समोर होता का?', कोरं. मग रजिस्टर मिटून त्यावर किलोभर वजनाचं पितळी कुलूप ठेवलं, जणू नोंद उठून पळून जाणार होती. घरी येऊन किल्ली खुंटीला अडकवली. अर्ध्या तासाने भिंगरी आली, खुंटीकडे एकदा बघून आत गेली. कुलूपवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी भिंगरी म्हणाली, "बाबा, आज दुपारी तू निवांत घरी जेवून ये. दुकान मी बघते तासभर. शेवटचं."

लहानपणापासून रविवारी ती गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकांच्या सह्या घ्यायची. कुलूपवाल्यांना भरून आलं. ते घरी जाऊन जेवले, पण घास काही नीट उतरला नाही.

शनिवारी सकाळी सातला गाडी निघाली. सामान इतकं की मागचं दिसेना. आईने डबा, औषधांची पेटी आणि सूचनांची यादी दिली. मामाने टायरांवर चार लाथा मारून गाडी पास केली. कुलूपवाले कितीतरी बोलणार होते. ते म्हणाले, "दाराला महिन्यातून एकदा तेल घाल." भिंगरीने त्यांना मिठी मारली. नेमकी शर्टाच्या खिशात नवी किल्ली होती, ती दोघांच्या मधे टोचली. कुलूपवाले दचकून मागे झाले. चोराच्या मनात चांदणं.

साडेआठला फोन वाजला.

"बाबा," भिंगरीचा आवाज पार खाली गेला होता, "हसू नकोस. साठ किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपावर आहे. हवा भरायला उतरले, खटका दाबून दार लावलं... किल्ली आत सीटवर आहे."

कुलूपवाल्याची पोर, आणि किल्ली आत! दुसरा कुठला बाप असता तर रागावला असता. कुलूपवाल्यांना आधी आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोरीला आपली गरज पडली याचा निखळ आनंद झाला. मग खिशाला हात गेला आणि आनंद जागच्या जागी विरला. दुसरी किल्ली आहे, पण काढली तर कबूल करावं लागणार. शब्द मोडल्याचं त्याच दिवशी कळणार, ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली. पुन्हा एकदा तिची डायरी उघडल्यासारखंच झालं. आणि या वेळी तर तेलाचं कारणही नव्हतं.

"आलोच," ते म्हणाले. बायको कामावर गेलेली. मामाने नेमकी त्या दिवशी स्वतःचीच गाडी खोलून अंगणात पसरली होती. कुलूपवाल्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि बस पकडली. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं, हत्याराने उघडायची. उघडलीच पाहिजे.

पंपावर भिंगरी गाडीला टेकून उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. कुलूपवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाह्या सरसावल्या आणि गुडघे टेकले. अकरा वाजले होते.

साडेअकराला पंपाचा मॅनेजर आला. "काच फोडा की," तो म्हणाला.

कुलूपवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू सर्जनला कुणी कुऱ्हाड आणून दिली. मॅनेजर आत निघून गेला.

मग एक टँकरवाला आला. तो उंटावरचा शहाणा. वरून बघत तो म्हणाला, "डावीकडे फिरवा. नाही, जास्त डावीकडे. माझ्या मेहुण्याने चमच्याने उघडली होती."

"मग मेहुण्यालाच बोलवा," कुलूपवाले म्हणाले.

ऊन चढत गेलं. कुलपातली एक चकती हलायची, दुसरी हलायची, तिसऱ्या चकतीपाशी गाडं अडायचं आणि पहिली पुन्हा जागेवर बसायची. प्रत्येक वेळी वाकलं की खिशातली किल्ली छातीला टोचायची. भिंगरीने चहा आणून दिला.

"बाबा, दुसरा काही उपाय नाही का रे?" तिने विचारलं.

"नाही," कुलूपवाले कुलपाशी बोलल्यासारखं म्हणाले.

बारा वाजता तिने त्यांच्या डोक्यावर स्वतःची ओढणी धरली. "दुसरी किल्ली असती तर बरं झालं असतं, नाही?"

"तूच नको म्हणालीस ना," ते पुटपुटले, आणि कान लाल झाले.

"हो," भिंगरी म्हणाली. "मीच म्हणाले."

ती ओढणी धरून तशीच उभी राहिली. तिचे हात भरून आले असतील, पण तिने ते खाली घेतले नाहीत. आणि त्या सावलीनेच कुलूपवाल्यांचा घात केला. बापाच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून ही पोर उभी आहे, पुढचा चौदा किलोमीटरचा कच्चा रस्ता तिला उजेडात पार करायचाय, आणि आपण मात्र आपली लाज राखायला तिचे तास जाळतोय. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी हत्यार खाली ठेवलं. साडेबारा वाजले होते.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"गुरुवारी केली," ते म्हणाले. "तुला न विचारता. तू हो म्हणवून घेतलं होतंस माझ्याकडून, तरी केली. मला भीती वाटली गं. तू तिकडे अडकशील आणि माझ्याच्याने उघडणार नाही, याची. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. माझाच माझ्यावर नव्हता."

टँकरवाल्याला सगळं समजलं नाही, पण एवढं कळलं की आता इथे थांबू नये. तो मुकाट्याने टँकरकडे गेला.

भिंगरीने किल्ली घेतली. उलटसुलट करून पाहिली. दाराला लावली. दार पाण्यासारखं उघडलं. तिने आत वाकून सीटवरची आपली किल्ली उचलली, मुठीत घट्ट धरली. मग नवी किल्ली परत बापाच्या हातात ठेवली.

"दीड तास, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, की हसू होतं, की दोन्ही, ते कुलूपवाल्यांना कळेना. "भर उन्हात दीड तास!"

"तू रागावलीस का?"

"घरी गेल्यावर रजिस्टर बघ," ती म्हणाली, गाडीत बसली, आणि आरशात बघून हात हलवून निघून गेली. रस्त्याला लागताना तिने दिवा दाखवला, दोन्हीकडे बघितलं, सगळं मामाने शिकवल्याप्रमाणे केलं.

परतीच्या बसमध्ये कुलूपवाल्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रजिस्टर बघ म्हणजे काय? तिने ती कोरी नोंद पाहिली, एवढं नक्की. शुक्रवारी दुकानात बसली होती तेव्हाच पाहिली असणार. मग तिने ती खोडली असेल. पानच फाडलं असेल. किंवा बापाला चार शब्द सुनावले असतील लेखी, आणि ते सुनावायचा तिला पूर्ण हक्क होता. मग किल्ली परत का दिली? तोंडही बघायची इच्छा नसेल म्हणून दिली असेल. असं करत करत त्यांनी साठ किलोमीटर काढले.

दुकान उघडून त्यांनी पितळी कुलूप बाजूला केलं. चष्मा लावला. पान फाटलेलं नव्हतं. गुरुवारची नोंद जिथल्या तिथे होती. त्यांच्या किरट्या अक्षरात : 'चारचाकी, हिरवी, एक किल्ली.' पुढे मालकाच्या रकान्यात भिंगरीची सही होती, गोलमटोल, शाळेतल्यासारखी. तारीख शुक्रवारची. आणि शेवटच्या रकान्यात, 'मालक समोर होता का?' याच्यापुढे जागा पुरत नव्हती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं होतं :

'होय. खुंटीला किल्ली दिसली नाही म्हणून दुकानात आले. दारात उभी होते. मशीनच्या आवाजात तुला कळलं नाही. थांबव म्हणणार होते, पण तू डोळे पुसत होतास. किल्ली ठेव. पण वापरायच्या आधी फोन कर.'

कुलूपवाले स्टुलावर बसले. म्हणजे पंपावर तिला सगळं माहीत होतं. दुसरा उपाय नाही का, दुसरी किल्ली असती तर, असं दोन-दोनदा दार उघडून धरलं होतं पोरीने, आणि जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडणाऱ्या बापाला ते दिसलं नव्हतं. त्यांना हसू आलं, हसता हसता रडू आलं. दुकानात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी दोन्ही होऊ दिलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "जरा या किल्लीची दुसरी करून द्या. भावाच्या गोदामाची आहे, त्यानेच पाठवलंय."

"मालक समोर पाहिजे," कुलूपवाले नाक पुसत म्हणाले.

"अहो, तो कामात आहे."

"मग त्याला वेळ असेल तेव्हा या."

गिऱ्हाईक कुरकुरत गेलं. संध्याकाळी सातला भिंगरीचा फोन आला. पोचली होती, दोन्ही वेळा ओढ्यातून गाडी आरामात निघाली होती, दांडा अजून घट्ट होता. कुलूपवाले म्हणाले, "दांड्यालाही तेल घाल."

ती किल्ली दुकानातल्या खुंट्यांवर सर्वांत वर टांगलेली आहे, आणि त्यानंतर एकदाही वापरावी लागलेली नाही. फक्त एक सवय त्या दिवसापासून कुलूपवाल्यांना लागली आहे. मालक समोर बसलेला असतो, सही झालेली असते, सगळं रीतसर असतं. तरी मशीन सुरू करण्याआधी ते एकदा मागे वळून दाराकडे बघतात.